चातुर्मासात सोडलेली कॅसेट

मी एक कॅसेट बोलतेय. हो, तीच, जिची फीत गुंतली की पेन्सिल घालून गरागरा फिरवायचात. आता तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी उरली नसेल. उरली असलीच तर माळ्यावर, जुन्या आकाशकंदिलाच्या खाली. मी मात्र देवघरात आहे. बाळकृष्णाच्या शेजारी, खणाच्या तुकड्यावर. एवढा मान मला कसा मिळाला, तेच सांगायला बसलेय.

माझं माहेर दौंडचं. तिथल्या रेल्वे कॉलनीत चार तरुण पोरं होती. अनुपमाचा गळा, ज्ञानेशची गिटार, लॉरेन्सचं अकॉर्डियन आणि सुदर्शनचे ड्रम. कुणाचा बाप गार्ड, कुणाचा फिटर. इंजिनाच्या शिट्ट्या ऐकत वाढलेली ती पोरं, त्यामुळे त्यांच्या गाण्यात गाडीचा ठेका आपसूक यायचा. त्यांनी आपल्या ग्रुपचं नाव ठेवलं 'झुळूक'. पुण्याला जाऊन, एका लहानशा स्टुडिओत घाम गाळत त्यांनी आठ गाणी भरली आणि आम्ही जन्माला आलो. माझ्या पोटातलं पहिलंच गाणं होतं:

सिग्नल पडला, मन सुटलं गं,
भीमेच्या पल्याड गाव कुठलं गं!

कॉलनीतले वडीलधारे म्हणाले, "मराठी गाण्यात गिटार? चार महिन्यात लोक इसरून जातील." त्यांचं ते 'चार महिने' लक्षात ठेवा. पुढं उपयोगी पडेल.

त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये झुळूकचा पहिला मोठा कार्यक्रम होता. दोन घरं टाकून पलीकडे मुक्ताचं लग्न होतं. गाण्याची भारी वेडी मुलगी. पण नेमकी त्याच संध्याकाळी तिला हळद लागली. हळद लागलेल्या नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही! बिचारी भिंतीला कान लावून बसली. ड्रमची धडधड तेवढी ऐकू आली, शब्द काही कळले नाहीत. डोळ्यांतलं पाणी पुसायला गेली, तर हळदीचे ओघळ पार हनुवटीपर्यंत.

तिचा भाऊ बाळासो. त्याला ते बघवेना. सकाळी स्टेशनबाहेरच्या टपरीवरून त्यानं मला आणलं आणि पाठवणीच्या वेळी तिच्या ओटीत नारळाच्या शेजारी ठेवलं. "रडू नगं आक्के. ही घे, झुळूकच दिली तुला बरूबर."

अशी मी भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात, कारेगावला आले. गावात तिला सगळे मुक्ताबाई म्हणतात, पण मी मुक्ताच म्हणते. आम्ही दोघींनी एकाच दिवशी या घराचं माप ओलांडलंय ना!

सासर झेंडू-शेवंतीच्या मळ्याचं. तिचे मालक सर्जेराव साधे, थोडे चेष्टेखोर. त्यांनी पहिल्या दिवाळीला टेप आणला आणि मग काय, फुलं तोडायची तर मी, माळा गुंफायच्या तर मी, सारवण-पोतेऱ्यालाही मी. मुलगा सत्यजीत माझ्यावरच झोपला आणि माझ्यावरच उठला. पुढं शेजारी कारखाने आले, गावात खोल्या झाल्या, लांबून कामगार राहायला आले. सीडी आली, गेली. मोबाइल आला. माणसं घरातल्या जुन्या वस्तू किती पटकन भंगारवाल्याच्या हातावर ठेवतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मुक्तानं मला कधी हात लावू दिला नाही कुणाला. टेपचा पट्टा तुटला, तर शिरूरला जाऊन बसवून आणायची.

मुक्ता नेमाधर्माची बाई. सोमवार, चतुर्थी, एकादशी, काही चुकायचं नाही. आषाढी एकादशीला ती चातुर्मासाचा नेम धरते. कार्तिकीपर्यंत चार महिने आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं. कधी वांगं सोडलं, कधी गवार, एका वर्षी तर चहा. गेल्या वर्षी सप्ताहात कीर्तनकार महाराज म्हणाले, "माउली, जे सोडताना जीव कळवळत न्हाई, ते काय सोडलं म्हणायचं?"

ते तिच्या मनाला लागलं. एकादशीला सकाळी तिनं मला टेपमधून काढलं, फडक्यानं पुसलं आणि देवापुढं ठेवलं. "देवा, यंदा हिला सोडली. कार्तिकीपातूर झुळूकचं गाणं कान देऊन ऐकायचं न्हाई."

मला खोटं कशाला बोलायला लावता, पहिल्यांदा मला वाईट वाटलं. आपण नकोशा झालो, असंच वाटलं.

शेजारची सिंधूबाई पोट धरून हसली. "अगं ए मुक्ते, लोकं कांदा सोडत्यात, लसूण सोडत्यात. तू कॅसेट सोडलीस? उद्या म्हनशील टीव्हीचा रिमोट सोडला!"

"हसा. पण माझा जीव कशात हाय, ते माझ्या देवाला ठावं हाय," मुक्ता म्हणाली.

पण गंमत पुढंच आहे. मला सोडणं सोपं होतं, गाणं सुटायला तयार नव्हतं! पहाटे कंपनीची बस चौकात यायची, तिच्यात 'सिग्नल पडला' वाजायचं. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेवर सिग्नल पडला, त्याच्यापुढं तिसरीतली पोरं आणि साठीतले आजोबा एकाच ठेक्यात. खोलीत राहणारे बिहारकडचे कामगार भाकरी थापताना अर्धवट शब्दांत तेच गुणगुणायचे. सून तेजश्रीच्या मोबाइलची रिंगटोनही तीच. ती तिनं बिचारीनं बदलली. कानावर पडेल त्याला इलाज नाही, पण थांबून ऐकायचं नाही, असा मुक्ताचा नेम. ती कानात बोटं घालून मळ्यात पळायची, आणि झेंडू तोडता तोडता तिच्याच ओठांवर ओळ यायची. मग स्वतःच्या गालात मारून घ्यायची. "चुकलं रे देवा, चुकलं."

चार महिन्यांत विसरणार होते ना लोक? चाळीस वर्षं झाली.

घटस्थापनेच्या आधी एके दिवशी सर्जेराव दौंडहून आले, ते मिशीतल्या मिशीत हसतच. खिशातून तीन पास काढून त्यांनी मुक्तापुढं धरले. "वळख बरं काय हाय?"

झुळूकच्या चाळिशीचा कार्यक्रम होता, दौंडलाच, नवरात्रात. चौघेही येणार होते. आणि अनुपमानं जाहीर केलं होतं, की यानंतर ती मंचावर उभी राहणार नाही. गळा थकला होता.

मुक्ताचा चेहरा आधी फुलला, मग एकदम उतरला. "अहो, कार्तिकीला अजून लई येळ हाय."

"तू सोडली ती कॅसेट. माणसं कुठं सोडलीस?"

"गाणं सोडलं म्हटल्यावर गाणारी कशी धरू?"

"मुक्ते, एकदा हळदीनं हुकलं. आता शेवटचं हाय. पुन्हा न्हाई घावायचं हे. देव काय एवढा हिशेबी असतोय व्हय?"

"देव न्हाई हिशेबी. मी हाय."

सर्जेरावांनी पास कोनाड्यात ठेवले आणि पायात चपला अडकवून तरातरा मळ्यात निघून गेले. बायकोसाठी एवढा खटाटोप केलेला माणूस, रुसणारच. मुक्ता माझ्यापुढं बसून राहिली. तिनं देवाकडं सुटका मागितली नाही. नुसतं एवढंच म्हणाली, "तुझी मर्जी. माझं जे असंल ते ठेव माझ्यासाठी कुठंतरी." मोठ्या आशेची बाई ती.

कार्यक्रमाच्या दिवशी तिनं आपल्या मळ्यातल्या झेंडूचे चार हार गुंफले. मला खणात गुंडाळून तेजश्रीच्या हातात दिलं. "तुम्ही दोघं जावा. माझ्या वाटचं बी ऐका. आन् हिला घेऊन जा. चाळीस वर्षांत माहेरी गेली न्हाई पोरगी, तिला तरी तिची माणसं भेटू द्या."

न्हावऱ्यावरून, भीमेच्या पुलावरून मी माहेरी गेले.

काय सांगू तो थाट! मैदानात मुंगी शिरायला जागा नाही. पुण्याहून डेमू रेल्वेनं माणसं आली होती, यवतहून टेम्पो भरून आले होते. नातवंडांना खांद्यावर घेतलेले आजोबा, कॉलेजच्या पोरी, वर्दीतले गार्ड. पडदा उघडला. अनुपमाचे केस पांढरे, सुदर्शनच्या गुडघ्याला पट्टा, ज्ञानेशला टक्कल, लॉरेन्सचं अकॉर्डियन मात्र तसंच लालचुटूक. पहिला सूर निघाला आणि पुढचं गाणं त्यांना म्हणावंच लागलं नाही. सगळं मैदान म्हणत होतं. त्यातल्या निम्म्यांचा तर माझ्या जन्माच्या वेळी जन्मही झाला नव्हता! तेजश्रीच्या पिशवीत माझी फीत नुसती थरथरत होती. सर्जेराव मात्र शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून बसले होते. ती जागा त्यांनी कुणाला घेऊ दिली नाही.

कार्यक्रम संपल्यावर तेजश्री हार आणि मला घेऊन मंचामागं गेली. अनुपमानं हार घेतला आणि मला पाहून डोळ्यांवर चष्मा चढवला. "अगंबाई! ही अजून आहे? मला ऐकवायला आणलीस का?"

"न्हाई ओ. आमच्या सासूबाईंनी तुम्हाला सोडलंय."

"सोडलंय?" ज्ञानेश हसला. "कंटाळल्या वाटतं!"

सर्जेराव पुढं झाले. "तसं न्हाई साहेब. चातुर्मासात आवडीचं सोडत्यात. तिनं आजवर वांगं सोडलं, चहा सोडला. यंदा तिला देवापुढं सगळ्यात जिवाचं ठेवायचं होतं. म्हणून ती आली न्हाई. तुमच्या पहिल्या कार्यक्रमाला हळद लागली म्हणून भिंतीमागं होती, आज घरी हाय."

अनुपमानं मला दोन्ही हातांत धरलं. तिचे हात गार होते. "एवढ्या वर्षांत लोकांनी आम्हाला धरून ठेवलं," ती हळूच म्हणाली. "पण देवाला द्यावं एवढं मोलाचं कुणी मानलं नव्हतं." मग डोळे पुसून तिनं विचारलं, "उद्यापन कधी असतं हो त्यांचं?"

"कार्तिकी झाली की बारशीला. तुळशीच्या लग्नाबरूबर," तेजश्री म्हणाली.

त्या क्षणी मला उमगलं. मला सोडलं होतं, ते नकोशी म्हणून नव्हे.

घरी आल्यावर सर्जेरावांनी यातलं काही मुक्ताला कळू दिलं नाही. पण मिशी पुन्हा हसायला लागली होती.

बारशीचा, म्हणजे द्वादशीचा दिवस. अंगणात उसाचा मांडव, तुळशीला हिरवी चोळी, चिंचा-आवळे मांडलेले. मुक्तानं देवापुढं उद्यापनाचा नैवेद्य दाखवला, ब्राह्मणाला शिधा दिला आणि मला उचलून टेपकडं निघाली. तेवढ्यात दारात गाडी थांबली. आधी अकॉर्डियनची लाल पेटी उतरली, मग सुदर्शनचा पट्टा बांधलेला गुडघा.

मुक्ता जागेवर थिजली. मी तिच्या हातात, मला तिची नाडी लागत होती.

"मुक्ताबाई, सुटला ना नेम?" अनुपमानं दारातूनच विचारलं.

"सु-सुटला," मुक्ता म्हणाली. "पन तुम्ही तर म्हनला व्हता, आता मंचावर गाणार न्हाई."

"अंगणाला कोण मंच म्हणतं हो?"

मंगलाष्टकं झाली, तुळशीवर अक्षता पडल्या. लॉरेन्सनं भाता ओढला, ज्ञानेशनं तार छेडली, सुदर्शननं ड्रमऐवजी उलटी बादली घेतली. गल्लीतले, खोल्यांतले सगळे कामगार गोळा झाले. अनुपमा गात गात शेवटच्या कडव्याला आली आणि थांबली. विसरली, का मुद्दाम थांबली, देव जाणे. मुक्तानं पदर सावरला आणि पुढची ओळ उचलली:

माहेर मागं, सासर पुढं गं,
मधल्या पुलावर कोण रडं गं!

आवाज कापत होता, पण सूर सोडला नाही तिनं. दुसऱ्यांदा म्हणताना कापणंही थांबलं. मग अनुपमा, मग सगळं अंगण. सिंधूबाई तर पुढं येऊन फेर धरून नाचायला लागली. मुक्तानं नाचता नाचताच टोला हाणला, "का गं, रिमोट सोडलास वाटतं?"

भिंतीपलीकडून ऐकलेली ती धडधड चाळीस वर्षांनी तिच्या दारात आली होती, आणि या वेळी शब्दसुद्धा नीट ऐकू येत होते.

आता माझी फीत पातळ झालीय. मधूनच आवाज खाली जातो, कधी गिटार पाण्यात बुडाल्यासारखी वाजते. फार दिवस वाजेन असं नाही. पण गाणं आता माझ्यावर अवलंबून कुठं आहे? ते बसमध्ये आहे, मिरवणुकीत आहे, तेजश्रीच्या रिंगटोनमध्ये तर पुन्हा आलंय. तुमच्या घरी माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला भंगारात घालू नका. एकदा पुसा, एकदा वाजवा. नाही वाजली, तर नुसती जवळ ठेवा.

आषाढी जवळ आलीय. यंदा काय सोडायचं, याचा विचार मुक्ता सकाळपासून करतेय. सिंधूबाई म्हणते, वांगं सोड. सर्जेराव म्हणतात, माझ्याशी भांडणं सोड. मी देवाला इथूनच हात जोडून सांगितलंय: बाबा रे, यंदाही तिला मलाच सोडायची बुद्धी दे.