सालींचा वाटा

मित्रांनो, मी एक जुने सोलाणे आहे. माझी मूठ कधीकाळी पिवळी होती, आता तिचा रंग मलाही सांगता येणार नाही. पाते मात्र अजून धारदार आहे. त्याचा मला फार गर्व होता.

आमच्या घरातली आई प्रयोगशाळेत काम करायची. भाज्यांवर फवारलेल्या औषधाचा किती अंश उरला आहे, हे ती तपासायची. त्यामुळे घरी ती ताकही फुंकून प्यायची. भाजी आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची, मग मला हातात घ्यायची. धुतल्याने थोडे जाते, शिजवल्याने थोडे जाते, सालीबरोबर बरेच जाते, आणि आत मुरलेले मात्र जात नाही, असे ती सांगायची. काकडी तर ती इतकी जाड सोलायची की बाबा म्हणायचे, निम्मी काकडी सशालाच मिळते.

ते खरेच होते. आईची लेक चिमी, तिचा ससा कापश्या साली खायचा. माझ्या पात्याचा आवाज आला की तो पिंजऱ्याच्या दाराशी येऊन बसायचा. माझे कौतुक करणारा घरात तो एकटाच होता.

एका सकाळी नळाला पाणी नव्हते. आई घाईत होती. सोलायचीच आहे तर धुवायची कशाला, असे म्हणून तिने चार काकड्या तशाच सोलल्या. साली चिमीने रोजच्यासारख्या उचलून नेल्या.

दुपारपासून कापश्या कोपऱ्यात पडून राहिला. दुसऱ्या दिवशी तो गेला. प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याने काय खाल्ले ते विचारले. नक्की कशाने गेला हे त्यांनाही सांगता आले नाही, पण साली न धुतलेल्या होत्या हे ऐकून, यापुढे धुतल्याशिवाय काही देऊ नका, एवढे त्यांनी सांगितले.

घरी आल्यावर चिमी म्हणाली, "साली मीच दिल्या ना गं, आई?"

"नाही बाळा. तू फक्त नेल्यास. दिल्या मी," आई म्हणाली आणि मला हातात घेऊन ओट्यापाशी बसली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसऱ्यांच्या भाज्या तपासणाऱ्या बाईला आपल्या घरातली साल दिसली नव्हती. आणि मी, ज्याने ती काढली, मला तर कधीच काही दिसले नाही. मला खूप वाईट वाटते.

मित्रांनो, भाजी धुवा, मगच सोला. आणि आपल्या ताटातून काढलेले कुणाच्या पुढे जाते, तेही बघा. आई आता सोलायच्या आधी प्रत्येक काकडी दोनदा धुते. साली कागदात गुंडाळून टाकते. पण माझ्या पात्याचा आवाज झाला की चिमी अजूनही रिकाम्या पिंजऱ्याकडे बघते.