आलवणाच्या चकत्या

मोहनराव वकील पुराव्याशिवाय पाऊस पडतोय हेसुद्धा मान्य करणारे नव्हते. इंदापूरच्या कचेरीत त्यांच्या उलटतपासणीला भले भले पाटील टरकून असत. असा माणूस जेव्हा पोस्टकार्डावर लिहितो की, "आत्या जाऊन महिना झाला. मागील पडवीतील तोटी तिच्या आवाजात गुणगुणते. त्वरित येऊन जावे," तेव्हा वाचणाऱ्यानं हसावं की घाबरावं? बारामतीच्या तांबट आळीत बसून रामहरी तांबटानं ते कार्ड तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा पालथं घालून ठेवलं.

भुताचं त्याला काही नव्हतं. आतली चकती झिजून सैल झाली की पाणी तिला हलवतं, ती थरथरते आणि तोटी गुणगुणायला लागते, हे त्याला पाठ होतं. त्याला भीती होती ती त्या चकतीचीच. ती काढायला तोटी उघडावी लागणार, आणि उघडली की आतलं कातडं दिसणार.

गोष्ट तीन वर्षांमागची. कालव्याचं पाणी आलं, उसाला बरे दिवस आले, आणि बारामती-इंदापूरकडच्या बऱ्या घरांना घरात पाणी खेळवायची हौस सुटली. परसात उंच टाकी, तिच्यातून नळ, नळाला तोटी. जुनी तोटी साधी असायची. पितळेच्या नळीत पितळेची खुंटी, पाव फेरा फिरवली की पाणी आलं. तिच्यात घालायला काही लागत नसे, पण तांबटानं ती पितळेवर पितळ घासून बसवावी लागे, आणि त्यात चार-चार दिवस जात. पुण्याहून नवी तोटी आली आणि लोक तिच्यावर भाळले. हिची मूठ फिरवत खाली न्यायची, की आत पैशाएवढी चकती भोकावर दाबून बसते. ती चकती असायची कातड्याची.

आता आपल्याकडची गंमत बघा. मोट कातड्याची. तिचं पाणी उसाला चाले, त्या उसाचा गूळ देवाच्या नैवेद्याला चाले. पण तोटीत पैशाएवढं कातडं आहे म्हटलं की सोवळ्याची घरं अंगावर पाणी घ्यायला धावत. म्हस्कू चांभार हे रामहरीला हसत हसत बोलून दाखवायचा. पण हसण्यापलीकडं बिचाऱ्याच्या हातात होतं तरी काय?

मोहनरावांनी तोटी बसवली ती प्रयागबाईंसाठी. प्रयागबाई त्यांच्या सख्ख्या आत्या. चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, अंगावर विधवेचं लाल आलवण आलं, आणि त्या भावाच्या घरी परत आल्या त्या कायमच्या. मोहनरावांना त्यांनीच वाढवलं. पासष्टीपर्यंत स्वतःचं सोवळ्याचं पाणी स्वतः विहिरीतून शेंदलं. मग दम लागायला लागला. तोटी बसली त्या दिवशी त्या रामहरीच्या समोर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"रामहरी, आत कातडं नाही ना रे?"

"न्हाय आत्याबाई. सुताची चकती हाय, मेण लावून बसवलीया."

आणि ते तेव्हा खरंच होतं. पण मेणाचं सूत पंधरा दिवसांत कुजलं आणि तोटी गळायला लागली. रामहरी बारामतीहून आला, नवी घातली. पंधरा दिवसांनी परत तेच. तिसऱ्या खेपेला त्यानं म्हस्कूकडून चकती कापून आणली होती. प्रयागबाईंनी पुन्हा तेच विचारलं आणि रामहरीनं तोटीवर हात ठेवून सांगितलं, "सुताचीच हाय. गळ्याशपथ."

एकदा जमलं म्हटल्यावर जीभ सैल होते. इंदापुरात तशी आणखी सहा घरं झाली. सहाही ठिकाणी कातडं, सहाही ठिकाणी तीच शपथ. इतर घरांत तोटीला हात लावताना रामहरीला काही वाटत नसे. प्रयागबाईंचं मात्र मनातून जाईना. त्या पाण्यानं म्हातारी रोज देव न्हाऊ घालते, तेच तीर्थ म्हणून घेते, हे आठवलं की तो भरल्या ताटावरून उठे. नंतरची सगळी वर्षं काही ना काही सबब काढून तो त्या घरी जायचं टाळत राहिला होता. आता म्हातारी गेली होती आणि तोटी त्याला बोलवत होती.

सर्व्हिस मोटारीत बसताना त्यानं सुताची एक नवी चकती कमरेला खोचून घेतली. बेत सोपा होता. तोटी उघडायची, कातडं मुठीत लपवायचं, सूत दाखवायचं.

पण वकिलाच्या घरात बेत चालतात होय? मोहनरावांनी पडवीत खुर्ची टाकली आणि समोरच बसले. त्यांच्या पत्नी सुधाबाई खांबाला टेकून उभ्या राहिल्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं त्यांच्या.

"आधी ऐका तरी," असं म्हणून सुधाबाईंनी तोटीची मूठ अर्धी फिरवली.

पाण्याची धार आली आणि तिच्यामागून आवाज. हुं… हुं हुं… हुं… प्रयागबाई देवाला गंध उगाळताना नाकातल्या नाकात जी गुणगुण करायच्या, तीच. अधेमधे तुटणारी, दम लागल्यासारखी. भर दिवसा अकराचं ऊन पडवीत आलेलं, बाहेर कुणाचा तरी टांगा चाललेला, आणि रामहरीच्या मानेवरचे केस उभे राहिले. कारण सगळं पाठ होतं तरी त्या गुणगुणीत त्याला एकच वाक्य ऐकू येत होतं. आत कातडं नाही ना रे?

"मी पंधरा दिवस ऐकतोय," मोहनराव म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "सकाळी ही उघडते, आणि मला वाटतं, आत्या आहे. मग आठवतं. रामहरी, तिचं काही राहिलं असेल का हो? तिला कशानं तरी गती मिळत नसेल, असं…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. असली गोष्ट बोलायची त्यांना सवय नव्हती.

"बघतो की," रामहरी म्हणाला.

टाकीखालची चावी बंद करून त्यानं तोटीला पाना लावला आणि अंगाचा जोर घातला. इंदापूरच्या पाण्याला क्षार फार. तीन वर्षं न उघडलेली तोटी हातोड्याचे चार ठोके खाल्ल्याशिवाय हलायची नाही. ही लोण्यासारखी फिरली. आटे स्वच्छ होते, तेलाचं बोट फिरवलेलं. रामहरी थबकला. तीन वर्षांत आपण इथं आलो नाही, मग हे तेल कुणाचं?

त्यानं वरचा भाग उचलला. मूठ तयार ठेवली होती, कातडं लपवायला. पण आत कातडं नव्हतंच.

आत लाल कापड होतं. चार पदरी, कडेनं बारीक टाके घालून गोल शिवलेलं, मेणात बुडवलेलं. आता ते कुजून त्याच्या दशा लोंबत होत्या आणि त्याच पाण्यात थरथरत असणार. रामहरीनं ते तळहातावर घेतलं.

सुधाबाई जवळ आल्या आणि त्यांच्या तोंडून शब्द निघाला, "अगंबाई, हे तर आत्यांचं आलवण!"

मोहनराव खुर्चीतून उठले. ते लाल लक्तर त्यांनी दोन बोटांत धरून उन्हात बघितलं, आणि कचेरीत कधी कुणी पाहिले नसतील असे त्यांचे डोळे भरून आले.

"रामहरी," ते म्हणाले, "तुम्ही तिच्या सोवळ्याचं कापड मागून घेतलंत? तिच्यासाठी एवढं केलंत आणि कधी बोललाही नाहीत?"

झालं होतं काम. कुणी काही विचारत नव्हतं. उलट वकिलानं हात जोडायचे तेवढे राहिले होते. कमरेची सुताची चकती घालायची, जेवायचं आणि दुपारची मोटार धरायची, एवढंच होतं रामहरीला. पण चार पदरी कापड किती टिकतं, ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? पंधरा दिवस. फार तर वीस. आणि तोटी तीन वर्षं गळली नव्हती. त्यानं मनात हिशेब केला आणि तो मटकन खालीच बसला.

"वहिनीसाहेब," तो कसाबसा म्हणाला, "आत्याबाई या तोटीला कधी हात लावायच्या का हो?"

"दर एकादशीला," सुधाबाई म्हणाल्या. "दुपारी मागचं दार लावून घ्यायच्या. तोटी घासते म्हणायच्या. सोवळ्यात आहे, कुणी फिरकायचं नाही म्हणून ताकीद. दम लागलेला दाराबाहेर ऐकू यायचा. मी म्हणायची, मी घासते, तर रागवायच्या." बोलता बोलता त्या थांबल्या. मग आत गेल्या आणि प्रयागबाईंची शिवणाची पत्र्याची पेटी घेऊन आल्या. "यात काही सापडलं मला. म्हातारपणाचा चाळा समजून ठेवून दिलं होतं."

पेटीत लाल चकत्या होत्या. शिवून, मेणात बुडवून तयार असलेल्या, पाच. त्यांच्याखाली एक छोटा पाना. रामहरीचाच. तीन वर्षांमागं हरवला म्हणून त्यानं मोटारीच्या क्लिनरची आई-बहीण काढली होती. आणि पान्याखाली कागदाच्या पुडीत, वाळून खडखडीत झालेली, म्हस्कूनं कापलेली कातड्याची चकती.

रामहरीला म्हातारी डोळ्यांपुढं दिसली. दोन वेळा सूत गळालं, तिसऱ्यांदा एक टिपूसही गळेना, तेव्हाच तिला कळलं असणार. तो तोटी उघडताना तीन खेपा ती शेजारी उभी राहून बघत होती. त्याचा पाना तिनं उचलून ठेवला, तोटी उघडली आणि त्याची शपथ हातात घेऊन बघितली. एक शब्द ती बोलली असती, तर इंदापूर-बारामतीचं एकही सोवळ्याचं दार रामहरीला उघडलं नसतं. त्याच साली त्याच्या लेकीचं, रतनचं, लग्न ठरत होतं. रतनला पहिला खण प्रयागबाईंनीच दिला होता.

"तोटी बसल्यावर महिना-दीड महिन्यानं," सुधाबाई हळू म्हणाल्या, "त्यांनी तीन दिवस कडक उपास केला होता. का, ते सांगेनात. माझ्या हातून चूक झाली, एवढंच म्हणाल्या."

आता रामहरीला राहवेना. तो रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं.

"चूक माजी व्हती," तो म्हणाला. "हे कातडं म्या घातलं, सायेब. तुमच्या आत्याबाईंनी इचारलं तवा गळ्याशपथ न्हाय म्हनलो. ही लाल चकती माजी न्हाय. त्यांची हाय. दर एकादशीला त्यांनीच बदलली. त्या गेल्या, बदलनारं कुनी राह्यलं न्हाय, म्हून तोटी गुणगुणती. त्यांचं काय बी राह्यलेलं न्हाय. राह्यलंय ते माजंच."

मोहनरावांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"ऊठ," ते म्हणाले. आता 'तुम्ही' गेलं होतं. "चालता हो. उद्या सगळ्या इंदापुराला कळेल तू काय आहेस ते."

रामहरी उठला. त्याला ते रास्तच वाटलं. पण सुधाबाई नवऱ्याकडं वळल्या.

"आत्या तीन वर्षं धापा टाकत ज्यासाठी गप्प राहिल्या, ते आपण महिन्यात बोलून टाकायचं? हिंमत होते तुमची?"

मोहनराव कचेरीत कुणाला हरले नव्हते. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी तोंड दोन्ही हातांत घेतलं.

आठ दिवसांनी रामहरी परत आला. पुण्याची तोटी काढून त्यानं जुन्या पद्धतीची बसवली, खुंटीची. विटकरीची वस्त्रगाळ पूड आणि खोबरेल तेल लावून त्यानं ती पाच दिवस पितळेवर पितळ घासली होती. कातडं नाही, सूत नाही, चरबी नाही. मोहनराव बाहेर आले नाहीत. सुधाबाईंनी खुंटी पाव फेरा फिरवली. पाणी आलं. गुणगुण नाही, दम नाही, नुसतं पाणी. त्या ते बघत उभ्या राहिल्या आणि मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "आता मात्र खरंच गेल्या हो."

रामहरीनं पेटीतली एक लाल चकती मागून घेतली. पाना मात्र त्यानं तिथंच ठेवला, तो आता त्याचा राहिला नव्हता. घरी परतायची मोटार सुटायला अवकाश होता. गुपित राखलं जाणार होतं, त्याला माहीत होतं. पण पडवीतली गुणगुण थांबली होती ती पडवीतच. त्याच्या कानात ती वाड्याबाहेर पडल्यापासून चालूच होती, आणि अजून सहा घरं होती, जिथं एकादशीला दार लावून घेणारं कुणी नव्हतं.

मोटारीकडं न जाता तो पलीकडच्या आळीत वळला. पहिल्याच घराच्या अंगणात एक सोवळ्यातली म्हातारी तोटीखाली तांब्या धरून बसली होती. त्याला बघून तिचा चेहरा उजळला.

"ये रे रामहरी. आज काय काढलंस?"

मुठीत लाल चकती घट्ट धरून रामहरी उंबऱ्याबाहेरच थांबला.

"तेवढा तांब्या भरू नगा, काकू," तो म्हणाला. "आत कातडं हाय."

कानातली गुणगुण थांबली होती.