पंचमीची कुदळ

तलावाचा मातीचा बांध शंभर वर्षांचा. रविवारी सोलापूरचे गिरणीवाले डबे घेऊन यायचे, पोहायचे, बांधावर ताणून द्यायचे आणि उष्टी पानं तिथंच टाकून जायचे. उचलायला राखणदाराची बायको गुरम्मा होतीच की! नागपंचमीला मात्र तिथं बायकांचं राज्य. बांधाखालच्या चिंचेला झोके टांगलेले आणि खिदळण्याला नुसता ऊत.

त्या वर्षी, दुष्काळ सरून दोन वर्षं झाल्यावर, तलाव काठोकाठ भरला होता. नवरा शिवप्पा तालुक्याला गेलेला. गुरम्मा बांधाच्या पायथ्याशी हात धुवायला वाकली आणि तशीच थिजली. तिथं पाझरणारं पाणी एरवी नितळ असे. आज ते चहासारखं गढूळ होतं. दुष्काळी कामात याच बांधावर तिनं वर्षभर पाट्या वाहिल्या होत्या. बांध आतून माती सोडतोय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आणि वीस पावलांवर तिची सहा वर्षांची कमळा झोक्यावर उंच चालली होती.

ती धडपडत वर चढली. आतल्या अंगाला, काठालगत, पाण्यात ताटलीएवढा भोवरा फिरत होता. पाणी तिथूनच बांधात शिरत होतं.

"पोरास्नी घिऊन वर या! बांध चाललाय!"

बायका आधी हसल्या, मग पाणी बघून पळाल्या. पोरं टेकडीवर गेली, पण बांधाखाली अख्खं गाव होतं. भोवरा बुजवायला चिकणमाती हवी होती, ती पण आत्ताच. टेकडी सगळी मुरमाड. चिकणमाती जवळ एकाच जागी होती, बांधाच्या टोकाला, पुरुषभर उंच वारुळाची. सकाळीच सगळ्यांनी त्याला दूध-लाह्या वाहिल्या होत्या.

गुरम्मानं खोपटातून कुदळ आणि रिकामी पोती आणली. पूजा सांगणारी म्हातारी रंभाबाई आडवी आली.

"आज कुणी भुईसुदीक उकरत न्हाय, आन् तू वारूळ फोडतीस? तुजी लेक कुणी दिली, इसरलीस व्हय?"

ती कशी विसरेल? याच वारुळातल्या नागाला सात वर्षं नवस बोलून कमळा झाली होती. ज्यानं दिली त्याला परत न्यायला कितीसा वेळ लागतो?

"मावशी, खाली गाव हाय," एवढंच ती कशीबशी बोलली. डोळे मिटून तिनं घाव घातला. मग दुसरा.

बायकांनी कुदळीला हात लावला नाही, पण पोती भरली, ओढली, पाण्यात लोटली. भोवरा मंदावला आणि घटकाभरानं थांबला. खालचं पाणी हळूहळू निवळलं.

गुरम्मा मात्र जागची उठेना. टेकडीवरून आलेल्या कमळाला पोटाशी धरून, ताप चढला का म्हणून ती सारखी तिचं कपाळ चाचपत होती. पाण्याला ती एवढी भ्याली नव्हती.

रंभाबाईनं ते पाहिलं. कुदळ उचलून ती उरलेल्या वारुळापाशी गेली, हात जोडले आणि एक घाव घातला.

"आता म्या बी फोडलं," असं म्हणत तिनं कुदळ पोती ओढणाऱ्या केराबाईपुढं धरली. "घे. कितीजणींवर रागावतोय बघू."

केराबाईनं कुदळ घेतली. तिलाही दोन पोरं होती. तिनं घाव घातला. तिच्यामागं बाकीच्या पदर खोचून उभ्या होत्या.