जवळचा चष्मा

टचिंगबाईंनी जवळचा चष्मा काढला, घडी घालून डबीत ठेवला आणि पर्समधला लांबचा चष्मा नाकावर चढवला. मग टेबलावर झुकून त्या समोरच्या टॅबकडे बघू लागल्या.

ग्रंथालय समितीचे अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार त्यांच्या खुर्चीमागे उभे होते. सुट्टीचा वार असल्यामुळे ग्रंथालय बंद होतं आणि वाचनकक्षात या चौघांखेरीज कोणी नव्हतं. चष्मा बदललेला पाहून तिघांनाही वाटलं, हा खास कामाचा असावा. त्या चष्म्यातून बाईंना रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी स्वच्छ वाचता येई, पण हातभर अंतरावरची वस्तू म्हणजे नुसतं धुकं. समोर त्यांना एक पिवळसर तपकिरी डाग दिसत होता आणि त्याच्यावर एक काळा. बस.

"सावकाश बघा, बाई. घाई नाही," अध्यक्ष म्हणाले. "एकूण चार आहेत."

चिटणीसांनी बोटाने सरकवून दुसरा डाग पुढे आणला.

ते चार फोटो ग्रंथपाल मुलीचे होते. मुलगी म्हणायचं ते बाईंच्या वयावरून. ती छत्तिशीची होती आणि बारा वर्षं देवघेवीच्या खिडकीमागे बसत होती. मोठ्या टाइपातलं नवं पुस्तक आलं की ते बाईंसाठी बाजूला काढून ठेवायची. आठ दिवसांपूर्वी तिचे हे फोटो कोणीतरी बाहेर सोडले आणि या फोनवरून त्या फोनवर जात ते गावभर झाले. तिने पोलिसांत चोरीची तक्रार दिली. समितीपुढचा प्रश्न मात्र वेगळा होता: फोटो खरे की बनावट? बनावट असतील तर विषय मिटला. खरे असतील तर "विचार करावा लागेल." कसला विचार ते कोणी बोललं नव्हतं, पण खिडकीमागची खुर्ची रिकामी करण्याचा, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं.

अशा कामाला टचिंगबाईंइतकं योग्य माणूस गावात दुसरं नव्हतं. चौकातल्या फोटो स्टुडिओत त्यांनी एकेचाळीस वर्षं टचिंग केलं होतं, म्हणजे निगेटिव्हवर पेन्सिल चालवली होती. पुटकुळ्या घालवल्या, मिटलेले डोळे उघडले, हयातभर कोट न शिवलेल्या माणसाला मेल्यानंतर कोट चढवला. खुद्द अध्यक्षांच्या लग्नाच्या फोटोतले देवीचे व्रण त्यांनी तीन दिवस बसून एकेक करून बुजवले होते. दिवाणखान्यातल्या त्या फोटोतला नवरदेव लोण्यासारखा गुळगुळीत होता. व्याह्यांना तो अजून दाखवला जाई.

चारही डाग पाहून झाले. बाई मागे टेकल्या.

"खोटे आहेत."

"नक्की ना?"

"तोंड हिचं, धड दुसरीचं. उजेड बघा ना. तोंडावर डावीकडून पडलाय आणि खांद्यावर उजवीकडून. असं कुठं असतं का?"

तिघेही टॅबवर वाकले.

"अरे, खरंच की!" खजिनदार म्हणाले. "आता दिसलं."

"सांगितल्यावर दिसतं हो," चिटणीस म्हणाले. सुटकेचा सगळ्यात मोठा श्वास त्यांनीच सोडला.

"चला, सुंठीवाचून खोकला गेला," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी टाइप केलेला कागद पुढे केला. तो वाचायला जवळचा चष्मा लागला असता. बाईंनी तो काढला नाही. अध्यक्षांनी बोट ठेवलं तिथे सही केली.

घरी जाताना त्यांची पावलं हलकी पडत होती. खोटं बोलल्याची टोचणी नव्हती. उलट, फार जुना हिशेब मिटवल्यासारखं वाटत होतं.

स्टुडिओचे मालक करड्या शिस्तीचे होते. "डोळे कामाला, तोंड घरी," असं ते म्हणत. चेहऱ्याचं काम करताना निगेटिव्ह काचेवर उलटी ठेवायची, हे त्यांनीच शिकवलं. उलटा चेहरा कोणाचा राहत नाही. उरतो नुसता उजेड आणि सावली. आणि नवराबायकोंच्या खासगी रिळांचे फोटो पालथे सुकवायचे, पालथेच मोजायचे आणि पाकीट आपल्या हाताने चिकटवायचं. बाईंनी अशी शेकडो पाकिटं चिकटवली. रस्त्यात ती माणसं भेटली की त्या पाऊसपाण्याचं बोलत.

एकदाच दगा झाला. छपाईच्या माणसाने एका रिळातला एक फोटो जास्तीचा छापला आणि स्वतःकडे ठेवला. तो महिनाभर चहाच्या टपरीवर फिरत होता. मालकांनी त्याला काढलं, पण का काढलं ते बाहेर सांगितलं नाही. स्टुडिओचं नाव गेलं असतं. गाव म्हणत राहिलं, "असले फोटो काढलेच कशाला?" त्या बाईने दोन ट्रंका भरल्या आणि नवऱ्याला घेऊन ती गाव सोडून गेली. जाण्याआधी आपलं रीळ मागायला ती स्टुडिओत आली होती. टचिंगबाईंनी तिला निगेटिव्ह दिल्या, पावती फाडून टाकली, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या आणि नोकरीची गरज होती. पण ती बाई पायऱ्या उतरताना मागे वळून बघत होती, ते त्यांच्या डोळ्यांपुढून इतक्या वर्षांत गेलं नव्हतं.

या खेपेला त्या बोलल्या होत्या.

पाचव्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. ग्रंथपाल मुलगी उभी होती, हातात मोठ्या टाइपातलं पुस्तक.

"ये गं, ये. पुस्तक द्यायला एवढी आलीस? मी आले असते की."

"तुम्ही आला असतात तर सगळ्यांसमोर बोलावं लागलं असतं, मावशी."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. बाईंनी चहा टाकला. चहा झाला. कप हातात घेऊन तिने तो न पिता खाली ठेवला.

"फोटो खरे आहेत."

बाई साखरेच्या डब्याचं झाकण लावत होत्या. ते लागेना.

"माझे आहेत. माझ्या खोलीत मी काढलेत. कोणासाठी, ते तुम्हाला सांगणार नाही."

"मी विचारलं पण नाही."

"मग तुम्हाला खोटे कसे दिसले? एवढं तुमचं नाव. तुम्ही खरंच बघितले?"

"नाही."

"म्हणजे?"

बाईंनी पर्समधून लांबचा चष्मा काढून तिच्यापुढे ठेवला. "हा लावून बघितले. यातून मला माझी स्वतःची बोटं दिसत नाहीत. म्हटलं, आपण एक शब्द टाकला तर पोरीची नोकरी वाचते. त्यात कोणाचं काय जातंय?"

मुलीने चष्मा उचलला, उलटसुलट करून बघितला. क्षणभर तिला हसू येईल असं वाटलं. आलं नाही.

"नोकरी वाचली," ती म्हणाली. "सगळे येऊन हात हातात घेतात. धाकटी वहिनी आठ दिवस बोलत नव्हती. काल घरी येऊन म्हणाली, मला वाटलंच होतं, तू तशी नाहीस. मी तशीच आहे, मावशी. मी कोणाचं काय वाईट केलं?"

"काही नाही गं."

"आणि माझ्या तक्रारीचं काय झालं, माहितीय? जुन्या फोनमधलं सगळं नव्यात टाकायला मी फोन चिटणीसांच्या जावयाच्या दुकानात दिला होता. ग्रंथालयाचे कॉम्प्युटर तोच बघतो, म्हणून. एक दिवस फोन त्याच्याकडे होता. बाकी कोणाच्या हाताला लागलाच नाही. पोलिसांनी त्याच्या दुकानातली मशीन तपासायला नेली होती. मग समितीने तुमच्या सहीचा कागद नेऊन दिला. फोटोच बनावट, तर चोरी कशाची? जे नव्हतंच ते चोरणार कोण? मशीन परत दिली त्याला."

बाईंना चिटणीसांचा तो मोठा श्वास आठवला.

"काल आला होता खिडकीशी," मुलगी म्हणाली. "म्हणतो, मॅडम, प्रिंटर नीट चालतोय ना? काही लागलं तर सांगा."

एवढं सांगून तिने चहा एका दमात पिऊन टाकला. निवला होता.

"मला आगीतून काढायला गेलात, मावशी, आणि आग लावणाऱ्याचेच हात धुऊन दिलेत."

"मला विचारायला हवं होतं तुला," बाई म्हणाल्या.

"हो."

पुस्तकावरची तारीख दाखवून, पंधरा दिवसांत परत करायची आठवण देऊन ती निघाली. बाई खिडकीत उभ्या राहिल्या. चष्मा नव्हता, त्यामुळे कोपऱ्यावरून वळताना तिने मागे बघितलं की नाही ते त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी समितीची साप्ताहिक बैठक होती. बाई न बोलावता गेल्या. तिघे चहा पीत होते.

"या, या, बाई! आज कसं काय?"

"तो कागद परत घ्यायला आले. मी ते फोटो बघितलेच नव्हते."

त्यांनी चष्म्याचं सगळं सांगितलं. खजिनदार पहिल्यांदा हसले, मग इतर कोणी हसत नाही असं बघून थांबले. "पण तो उजेडाचा फरक? मला चांगला दिसला होता!"

"मी सांगितलं म्हणून दिसला."

"बाई," चिटणीस सावकाश म्हणाले, "मिटलेलं प्रकरण उकरून काय मिळणार? तिचीच बदनामी. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तिची नाही, चिटणीस. तुमच्या जावयाची."

अध्यक्षांनी घसा खाकरला. "हे बघा, एकेचाळीस वर्षांचं नाव आहे तुमचं. उद्या गावात म्हणतील, टचिंगबाईंनी खोटी सही केली. या वयात शोभेल का ते?"

"नाही शोभणार. पण म्हणतील ते खरंच असेल."

"मग असं करा," अध्यक्षांनी ड्रॉवर उघडला. "आता नीट बघा, जवळचा चष्मा लावून, आणि काय खरं ते सांगा. म्हणजे प्रश्नच नको." त्यांनी टॅब टेबलावर ठेवून चालू केला.

बाई टॅबकडे बघत नव्हत्या. ड्रॉवरकडे बघत होत्या.

"अजून ठेवलेत?"

"पुरावा म्हणून."

"बनावट आहेत असा कागद पोलिसांना देऊन आलात. मग पुरावा कसला?"

खजिनदारांनी टेबलावरचा आपला फोन उचलून खिशात टाकला. कोणी काही म्हटलं नसताना खिशात गेलेला तो फोन सगळ्यांनी बघितला.

बाईंनी डबी उघडून जवळचा चष्मा चढवला. तिकडे न बघता, हात लांब करून चाचपत टॅब पालथा घातला. मग पर्समधून दोन कोरे कागद काढले आणि लिहायला बसल्या. अक्षर अजून मोत्याच्या दाण्यासारखं होतं. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या जागेत काम केलेला हात होता तो.

"हे फोटो मी पाहिलेले नाहीत. ते खोटे आहेत असे मी न पाहता सांगितले व तशी सही केली. ती सही माझी चूक आहे. फोटो ज्यांचे आहेत त्यांनी ते खरे असल्याचे आणि चोरीस गेल्याचे तक्रारीत सांगितले आहे. ते खरे की खोटे हे ठरवण्यासाठी दुसऱ्या कोणी ते पाहण्याची गरज नव्हती."

"दोन कशाला?" चिटणीसांनी विचारलं.

"एक तुम्हाला. एक मी आत्ता पोलिसांकडे घेऊन चाललेय. ती खाली रिक्षात थांबलीय. आज विचारून आलेय तिला."

शेवटच्या ओळीत काय आहे ते वाचायला अध्यक्ष टेबलावरून पुढे वाकले. त्यांचा चेहरा बाईंच्या चष्म्यापासून वीतभर अंतरावर आला. बाईंनी मान वर केली. गालावर, नाकाच्या बाजूला, हनुवटीखाली, सगळे व्रण जिथल्या तिथे होते. एकही बुजला नव्हता.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. अध्यक्षांचा हात गालाकडे गेला.

"काय झालं, बाई?"

"काही नाही," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही कागदांवर सही केली.