वत्सला वेंगुर्लेकरचं बंद इंजिन

छप्पन्न वर्षं मी एका मुलीला अरबी समुद्रावर अधांतरी लटकत ठेवलं, आणि खरं सांगतो, मला त्याचं काडीइतकंही वाईट वाटलं नव्हतं.

तिचं नाव वत्सला वेंगुर्लेकर. वय सतरा, गोष्टीतलं साल एकोणीसशे बत्तीस, दुहेरी पंखांचं विमान, डोळ्यांवर जाडजूड चष्मा. मी, भिकाजी, चोविसाव्या वर्षी रत्नागिरीत शाळामास्तर होतो आणि मुलांच्या एका मासिकात तिची साहसं लिहायचो. स्वतः विमानात बसलो तो सत्तराव्या वर्षी, मुलाकडे मस्कतला येताना. पण त्या काळी कोण विचारतंय! अकराव्या प्रकरणात चाच्यांच्या गोळीने वत्सलाच्या टाकीला भोक पडलं, आणि बारावं छापायच्या आत मासिकच बुडालं. वत्सला राहिली वरच.

परवाच्या गुरुवारी माझी नात यशश्री शाळेतून आली आणि फोन माझ्या कानाशी धरून उभी राहिली. म्हणे, "आजोबा, तूबाच्या दादीचा मेसेज आहे. तुमच्यासाठी." तूबा तिची वर्गमैत्रीण, इथे मस्कतच्या माबेला भागातच राहते.

"मास्तर, मी अमीरुन्निसा," फोनमधली बाई म्हणाली. "तूबाकडून कळलं, यशश्रीचे आजोबा म्हणजे वत्सलावाले मास्तर. मी मूळची दाभोळची, लग्न होऊन इकडे ओमानात सूरला आले ती इथलीच झाले. लहानपणी तुमची वत्सला वाचायची मी, अकराच्या अकरा प्रकरणं. सोमवारी माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, हृदय थोडा वेळ थांबवणार, मग पुन्हा चालू करणार. आता थांबलेलं चालूच नाही झालं तर? घरात कोणाला विचारलं की इन्शाल्ला म्हणतात आणि विषय बदलतात. तुम्ही मला एवढंच सांगा, ती वत्सला उतरली का हो?"

मी पेचात पडलो. कारण शेवट माझ्याकडे तयार होता. वत्सला बुडते, सगळं कोकण हळहळतं. त्या शेवटाचा मला केवढा अभिमान! चोवीस वर्षांच्या माणसाला कोणीतरी मेल्याशिवाय साहित्य झाल्यासारखं वाटत नाही.

माझा हात थरथरतो, म्हणून मी सांगायचं आणि यशूने फोनवर टाइप करायचं असं ठरलं. मारायचं की वाचवायचं, माझं काही ठरत नव्हतं. "लिही," म्हटलं. "काट्याकडे पाहून वत्सला पुटपुटली, पेट्रोल खलास!" आणि पाणी प्यायला उठलो.

परत येतो तो काय, कारटीने गोष्ट संपवून पाठवूनसुद्धा दिलेली! वत्सला हसली, विमान उंच नेलं आणि थेट घरी जाऊन जेवली.

"अगं भवाने, टाकी रिकामी आहे तिची!"

"पण तुम्हीच म्हणालात, खलास!" यशू माझ्यावरच उखडली. "पंपावर टाकी फुल झाली की ते अंकल म्हणतात ना बाबांना, खलास? मग?"

इथल्या अरबीत खलास म्हणजे 'झालं, पुरे'; मी कपाळावर हात मारून घेतला. तोंडाने तिला बडबड बडबडलो, पण मनातून सुटल्यासारखं वाटलं. मारायचं पाप टळलं, नाही का?

कसलं टळतंय! शुक्रवारी सकाळी उत्तर आलं, आणि बाई चिडलेली होती.

"मास्तर, भोक तुम्हीच पाडलंत ना टाकीला? मग भरली कशी? मला काय बारा वर्षांची समजता? इंजिन बंदच पडलं नाही, तर ती गोष्ट माझ्या काय कामाची? बंद पडल्यावर काय होतं ते सांगा. मेली असेल तर मेली म्हणा. पण खरं सांगा."

लाज वाटली हो. त्या बाईला धीर नको होता, खरं उत्तर हवं होतं, आणि ते माझ्यापाशी नव्हतं. शेवटी नातीलाच विचारलं, "यशू, विमानाचं इंजिन बंद पडलं तर काय होतं गं?"

तिने फोनवर शोधाशोध केली, दोन-तीन व्हिडिओ पाहिले आणि ओरडलीच, "आजोबा, पडत नाही! ग्लाइड करतं. नोज थोडं खाली ठेवायचं, स्पीड जाऊ द्यायचा नाही, आणि प्लेन हळूहळू खाली येतं. पायलट लोक प्रॅक्टिस करतात याची!" तळहात आडवा धरून तिने टेबलापर्यंत आणून दाखवला. मला खरंच वाटेना. तीनदा दाखवायला लावलं. म्हणजे माझ्या अडाणीपणापायी ती पोर फुकट बुडणार होती!

शुक्रवार, शनिवार इथे शाळेला सुट्टी, म्हणून आम्ही दोघं लिहीत बसलो. ऱ्हस्वदीर्घावरून तिने माझं डोकं उठवलं, मी तिचं. रविवारी ती शाळेतून आल्यावर पाठवलं.

'इंजिन थांबलं. वत्सलाला वाटलं, संपलं. मग तिला वाऱ्याचा आवाज आला. विमान अजून हवेतच होतं. नाक थोडं खाली ठेवून तिने दांडा घट्ट धरला. खाली सूरचा किनारा दिसत होता. गलबतं बांधणारे सुतार हातातली कामं टाकून वाळूत धावत आले. कोणी ओरडत होतं, कोणी पागोटी हलवून वाट दाखवत होतं. चाकं वाळूत रुतली, विमान कलंडलं, आणि वीस हातांनी पंख धरला.'

वाचल्याची खूण तेवढी दिसली. सोमवार उजाडला. सुनेने दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं. दुपारी तीनला फोन वाजला, तूबाचं नाव दिसलं, आणि मी सरळ गॅलरीत जाऊन पाठ फिरवून उभा राहिलो. माझ्याच्याने घेववेना.

यशूने घेतला. सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या मागे येऊन उभी राहिली. नेहमी भडाभडा इंग्रजी झाडणारी पोर, पण मला नीट कळावं म्हणून मराठी शब्द शोधत होती.

"चालू झालं, आजोबा," ती म्हणाली. "त्यांचं चालू झालं."

मी ऐंशी वर्षांचा माणूस, नातीच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा हमसून हमसून रडलो.