वाटदेवाचे दगड

जीप ह्यांची, पण चालवते मी. ह्यांची कंबर इतकी नाजूक की क्लच दाबला की "आई गं" सुरू! म्हणून लिलावातून आणलेली ती जुनी लष्करी जीप मी चालवायला शिकले, आणि मग सोडेचना. जुईनगरच्या आमच्या सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, "सुचित्रा, शोभतं का गं तुला?" नसेल शोभत तर बघू नका, मी म्हणायचे. आठवडाभर बेलापूरच्या ऑफिसात खाली मान घालून फायली सरकवायच्या. रविवारी मातीच्या चढावर लो गिअर टाकला की मी कोणाची कोणी नसायचे. त्या दोन-चार तासांवर माझा अख्खा आठवडा निघायचा.

शहाण्णव सालची गोष्ट. आम्ही सहा जीपवाले तळोज्याच्या पलीकडच्या डोंगरावर जायचो. पायथ्याला एक लहान गाव, आणि गावातून खिंडीपर्यंत बैलगाडीची जुनी वाट. आमचा एक नियम होता, शेवटच्या जीपने मागचा सगळा कचरा उचलायचा. नियम चांगलाच, पण शेवटी राहायला कोण तयार? मग शेवटची जीप कोणाची, तर आमची. सगळ्यांच्या पुढे निखिल. एका कारखान्यात इंजिनीअर, वय कमी, आवाज जास्त, जीपमध्ये भला मोठा डेक. ह्याचा एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा काहीतरी बाहेर फेकायला मोकळा. थर्माकोलच्या प्लेटा, वेफर्सची पाकिटं, बाटल्या. मी उतरायची, गोणीत भरायची, आणि तोंडाचा पट्टा चालूच. जयप्रकाश, म्हणजे आमचे हे, म्हणायचे, "अगं, जरा हळू शिव्या दे, गुरं बुजतात."

दसऱ्यानंतरचा रविवार होता. पावसाळ्यात खिंडीजवळ वाट वाहून गेली होती आणि आडवा मोठा खड्डा पडला होता. मी खाली गोणी भरत राहिले. वर पोचते तो काय, खड्डा भरलेला! निखिल हात झटकत उभा.

"वहिनी, तयार ढीग होता इथे दगडांचा. हातोहात साखळी केली आणि रस्ता पक्का. येऊ द्या तुमचा डबा!"

मी डबा आणला. पुढचं चाक दगडांवर चढलं आणि हे ओरडले, "थांब! अगं थांब!" मला वाटलं, कंबर गेली. हे उतरले, चाकाशी वाकले आणि वर बघून म्हणाले, "सुचित्रा, ह्या दगडाला शेंदूर आहे."

ढीग होता तिथे आता उघडी माती. बाजूला सुकलेली झेंडूची फुलं. मी निखिलकडे वळले.

"निखिल, हा ढीग इथे कोणी केला, का केला, विचार नाही आला मनात?"

"मला वाटलं रस्त्याच्या कामाला टाकलेत."

"शेंदूर लावून?"

त्याने जीपमध्ये जाऊन डेक बंद केला. पहिल्यांदाच.

लाकडाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या बायकांनी सगळं बघितलं होतं. पायवाटेने त्या आमच्या आधी गावात पोचल्या. आम्ही उतरलो तर वाट अडवून अख्खं गाव उभं, आणि पुढे फावडं घेऊन भगवान, तिथला एक शेतकरी.

"कचरा टाकलात, आमी गप," तो म्हणाला. "बैलाच्या पायात तुमची काच घुसली, तवा पन गप. आता वाटदेवाची धोंडं खड्ड्यात घातलीत. उद्या वाट आडवी खनतो. पायानं जावा म्हनावं."

वाट बंद म्हणजे माझा रविवार बंद. मला रडूच आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. पण राग काढायचा कोणावर? तो माणूस खोटं काय बोलत होता?

निखिल मध्येच म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. उद्या ट्रकभर दगड टाकून देतो."

ओट्यावर भगवानची म्हातारी आई बसली होती, बाळाबाई. ती कडाडली, "तुज्या टरकाला पाय हायत का र? खिंड वलांडनारा मानूस वड्यातला एक धोंडा हातानं वर नेतो, देवाला ठेवतो. एकेक धोंडा म्हंजे एकेक मानूस! मी नवी नवरी आली, तवाचा माजा पन हाय त्यात. तो हाय का तुज्या टरकात?"

इतकी वर्षं आम्ही येत होतो आणि एकाही माणसाला दगड ठेवताना बघितलं नव्हतं. बघणार कसं? आमच्या गाड्यांचा आवाज आला की ही माणसं करवंदीच्या जाळीत सरकायची, नाकाला पदर लावून, आमची धूळ बसेपर्यंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निखिलने पुन्हा तोंड उघडलं. "एक शब्द बोललास तर तुझा डेक ओढ्यात टाकीन," मी म्हटलं. मग बाळाबाईपुढे गेले. "आजी, तेच दगड परत ठेवतो. येत्या रविवारी. तोवर खणू नका."

तिने बोट उगारलं. "पायी जायाचं. चाक नको."

"नाही आणत चाक."

भगवानने कुरकुर केली, पण फावडं खाली ठेवलं.

पुढच्या रविवारी जीपा गावात ठेवून आम्ही सहाही घरं चढलो. दगड ओळखायला सोपे. डोंगराचे काळे, टोकेरी, आणि ओढ्यातले गोल, गुळगुळीत. काढायला मात्र महाकठीण! आमच्याच टायरांनी ते चिखलात पार रुतवले होते. हे एका जागी बसून बादलीत दगड धूत होते, कंबरेचं नाव न काढता. निखिल खड्ड्यात गुडघाभर चिखलात. गावातल्या बायका मजा बघायला वर येऊन बसल्या होत्या.

"ए डेकवाल्या, लाव की आता गाना!"

बिचारा आधी लाल झाला, मग स्वतःच हसला आणि गाऊ लागला. इतका बेसूर, की बायकांनीच हात जोडले. मग त्यातल्या दोघी उठल्या आणि दगड झेलायला साखळीत उभ्या राहिल्या. बाकीच्या त्यांच्या मागोमाग. दुपारपर्यंत ढीग उभा राहिला, शेंदराचा दगड सगळ्यांत वर. वाटेवरचा कचराही आम्ही वेचला, अगदी विडीची थोटकं सुद्धा, आणि ती आमची नव्हती हं!

भगवान वर आला. ढिगाला हात जोडले, मग खड्ड्याकडे बघितलं. खड्डा पुन्हा आ वासून होता.

"बरं झालं," तो म्हणाला. "आमाला खनायला नको. तुमीच बंद केली तुमची वाट."

गावकरी खो खो हसले. आणि खरंच की! जीप आता खिंडीत चढणं शक्यच नव्हतं. मी चिडायला हवं होतं, पण समोरचा तो ढीग बघून चिडताच येईना. वाईट मात्र खूप वाटलं. हे हळूच म्हणाले, "दुसरा डोंगर शोधू." मला नको होता दुसरा डोंगर.

खाली बाळाबाई ओट्यावरच होती. "ठेवलं?"

"ठेवले, आजी. एकही सोडला नाही."

"मला कसं कलनार?"

"चला, दाखवते."

"चलू कशी, बाय? गुडगं गेलं. कैक वर्सं झाली, खिंड बगितली नाय." एवढं बोलून तिने तोंड दुसरीकडे फिरवलं.

म्हणजे जी देवासाठी एवढी भांडली, तिलाच तो दिसत नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग जीपमध्ये बसा!" आणि मी जीभ चावली. चाक नको, हा शब्द तिचाच होता.

बाळाबाईने बोटाने जीपची चाकं मोजली. मग म्हणाली, "मला पाडशील काय गं?"

"आजवर कोणाला पाडलं नाही."

"आये, मधी खड्डा हाय," भगवान म्हणाला.

"मंग भर. डोंगराला काली धोंडं कमी हायत?"

पुन्हा सगळे वर. ह्या वेळी गावातले पुरुषही आले, भगवानचं फावडं त्याच खड्ड्यात माती लोटायला लागलं, आणि सर्वांत मोठे दगड निखिलने आणले. उन्हं कलायच्या आत वाट झाली.

बाळाबाई माझ्या शेजारी बसली, मांडीवर ओढ्यातला ओला दगड घेऊन. तिचं लुगडं भिजलं, पण दगड काही खाली ठेवेना. लो गिअर टाकला. इतक्या जपून मी कधीच चालवली नाही. मागून सगळं गाव चालत येत होतं, आमचे बाकीचे पाचही जीपवाले सुद्धा, पायी. खिंडीत माझ्या खांद्याला धरून ती उतरली, ढिगावर दगड ठेवला, आणि कितीतरी वेळ हात जोडून उभी राहिली. मला हुंदका आवरेना. येऊ दिला.

परत येऊन ती जीपमध्ये बसली. भगवान जवळ आला.

"आये, मंग वाटेचं काय करायचं? खनायची का?"

"खन की," म्हातारी म्हणाली. "पन आदी सांग, फुडल्या ऐतवारी मी वर कशी येऊ?"