सत्त्याण्णवचा दाखला

मी एक जुनी ताप मोजायची बंदूक आहे. चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर, वॉचमनच्या केबिनमधल्या खणात, गंजलेल्या कुलपांशेजारी मी पडून आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका. कीव करायची तर त्या माणसांची करा, ज्यांना मरण दारात असतानाही दात काढायचे सुचत होते.

महामारीच्या घाईत माझा जन्म झाला. सकाळच्या शिफ्टला गेटवरच्या यशोदाबाई मला एकेकाच्या मनगटावर रोखत. मी आकडा दाखवला की माणूस आत जाई. काय तो माझा मान! सुपरवायझरसुद्धा माझ्यापुढे हात पुढे करून उभा राही.

या मानाला दृष्ट लावली ती दिग्विजयने. हा फिटर, काम बेताचं, मोबाइलवर बोटं मात्र सराईत. त्याने माझा फोटो शिफ्टच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘साहेब, गोळी घाला, पण सुट्टी द्या!’ झालं, दीडशे माणसं खिदळली. बाहेर रुग्णवाहिका धावत होत्या, कँटीनमध्ये जो तो भिंतीकडे तोंड करून जेवत होता, आणि यांना विनोद! उथळ पाण्याला खळखळाट फार.

मग त्याने गेटजवळच्या गार पाण्याच्या नळाचा फोटो टाकला. ‘घरगुती लस : मनगट नळाखाली धरा, यंत्राला मामा बनवा.’

सगळे हसले. वेल्डर हिंदुराव नुसता हसून थांबला नाही. त्याला ताप होता आणि विलगीकरण केंद्राची धास्ती होती. त्याने खरोखरच मनगट नळाखाली धरलं, मग बाहीला पुसलं. मी सत्त्याण्णव दाखवला. तो आत गेला. पाचव्या दिवशी श्वास घेता येईना, तेव्हा त्याला पिंपरीला दवाखान्यात हलवलं.

दिग्विजयने सगळे फोटो काढून टाकले. ग्रुप मुका झाला. आठवड्याने यशोदाबाईंच्या मोबाइलवर, त्याच ग्रुपवर आलेला हिंदुरावचा धापा टाकणारा आवाज ऐकू आला, “दिग्या, गप का रं? हितं वॉर्डात समद्यांना तुझं जोक वाचून दावतोय. टाक की राव एखादा!” दिग्विजय रोज एक टाकू लागला. मला त्याची किळस आली.

दीड महिन्याने हिंदुराव परतला. केबिनची एक पायरी चढताना तो दोनदा थांबला.

“त्या दिग्याच्या थोबाडाला आग लागो,” यशोदाबाई कडाडल्या.

“त्याला नका बोलू, बाई. जोक खोटा हाय, हे मला ठावं व्हतं. पर बंदूक सत्त्याण्णव म्हणली, अन् मलाच खरं वाटलं. बायकोलाबी तेच सांगत ऱ्हायलो. ती दवाखान्यात चला म्हणत व्हती.”

मित्रांनो, अंगात कणकण असेल तर घरच्यांचं ऐका. माझ्यासारख्या तोऱ्यातल्या यंत्राच्या आकड्यामागे लपू नका. दिग्विजयचं खोटं सगळ्यांना कळत होतं, कारण तो हसत होता. मी हसले नव्हते.